सेंटरिंग बसलं म्हणे, स्लॅब नाही पडला: भायलीच्या एका स्कीमचं प्रकरण

बडोद्यात भायलीच्या बाजूला दोन टॉवरची एक स्कीम आहे, नाव लिहीत नाही. ए टॉवरचे सगळे स्लॅब भरून झालेले, आत वीटकाम चालू, बी टॉवर तिसऱ्या मजल्यावर, आणि दोघांच्या मधे एंट्रन्स फोयर, आत शिरतानाचा मोठा हॉल, डबल हाइट, म्हणजे खालच्या जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत सुमारे सहा मीटर. ब्रोशरच्या पहिल्याच पानावर त्या फोयरचं चित्र, झुंबर वगैरे लावलेलं. २०२३ चे गणपती गेले होते, नवरात्र यायचं होतं, त्या मधल्या दिवसांत एका संध्याकाळी या फोयरचा स्लॅब भरताना खालचं सेंटरिंग, म्हणजे ओला स्लॅब तोलून धरणाऱ्या फळ्या आणि टेकू, बसलं आणि वर काम करणारी माणसं ओल्या काँक्रीटसकट, सळयांच्या जाळीसकट खाली आली. एक मजूर जागेवरच गेला, दाहोदकडचा, पंचवीस वर्षांचा. जखमी झालेल्यांना सयाजी हॉस्पिटलला नेलं.

माझा यात संबंध एवढाच की ए टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर मामांनी टू बीएचके बुक केलाय. मामा फर्टिलायझरमधून रिटायर झालेले, दांडिया बाजारातल्या वाड्यातला त्यांचा हिस्सा विकून ते पैसे यात घातलेत. आणि मी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये कामाला, म्हणजे काँक्रीटचे क्यूब फोडायचे, सळया ओढून बघायच्या, रिपोर्ट काढायचा, त्यामुळे घरात कुणाच्याही भिंतीला तडा गेला तरी फोन मलाच येतो. मामांचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "अरे, पैसे काढून घेऊ का?" आणि दुसरं, "तू जरा बघून ये रे, तुझीच लाइन आहे ती."

बुकिंग केलेल्या लोकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, तोपर्यंत त्यावर टाइल्सचा रंग आणि गुड मॉर्निंग एवढंच चालायचं. त्या रात्री मात्र तिथे जे काय सुरू झालं ते विचारू नका. कुणी फोटो टाकले, कुणी दुसऱ्याच कुठल्या शहरातला पडलेल्या पुलाचा व्हिडिओ टाकला, कुणी म्हणालं बँकेला सांगून पुढचा हप्ता थांबवा, कुणी म्हणालं ए टॉवरपण हलला असणार, आणि एक जण सारखा लिहीत होता की ग्रुपवर कुणी काही लिहू नका, बाहेर गेलं तर रेट पडेल. गेलेल्या पोराचं नाव काय, घरचं कोण आहे, हे त्या शेकडो मेसेजमध्ये फार तर दोन जणांनी विचारलं. बिल्डरच्या ऑफिसमधून सगळ्यांना एकच उत्तर, "कंई नथी थयुं, सेंटरिंग बेसी गयुं छे, स्लॅब नथी पड्यो."

आता हे उत्तर खोटं नाहीये. अर्धं आहे. आणि सगळं प्रकरण त्या उरलेल्या अर्ध्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामांच्या डोक्यात अटलादऱ्याचं माधवनगर होतं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या तीन मजली दोन बिल्डिंगी पहाटे कोसळल्या आणि ११ माणसं गेली, बडोद्यात त्या वयाच्या कुणालाही विचारा, आठवतं. मी त्यांना म्हटलं मामा, ते वेगळं, तिथे माणसं राहत होती, बिल्डिंग उभी होती आणि बिल्डिंगच बसली. इथे काँक्रीट अजून काँक्रीट झालंच नव्हतं, ओलं होतं, त्याला स्वतःची ताकद शून्य, सगळा भार खालच्या टेकूंवर. टेकू गेले. म्हणजे जे पडलं ते तात्पुरतं होतं, जे कायमचं राहणार ते अजून जन्माला यायचं होतं. मामा म्हणाले, "म्हणजे ए टॉवर चांगला?" मी म्हटलं तसंही नाही म्हणत मी.

दुसऱ्या दिवशी आत कुणाला सोडत नव्हते, पोलीस होते, पण नंतर ग्रुपमधल्या काही जणांबरोबर गेलो तेव्हा ढिगारा तसाच होता आणि लाइनमधल्या माणसाला वाचायला तेवढं पुरे असतं. टेकू म्हणून नीलगिरीच्या बल्ल्या. सहा मीटरची सरळ बल्ली मिळत नाही, मग एकावर एक उभी करून बाजूला फळीचे दोन तुकडे खिळ्यांनी ठोकलेले, तो जोड. आडवे तिरके बांधलेले जवळजवळ नाहीतच, कडेला दोन-चार होते तेवढे. आणि बल्ल्या उभ्या कशावर, तर फुटिंग, म्हणजे पाया, भरल्यानंतर खड्डा बुजवला ती माती, सगळा पावसाळा प्यायलेली, तिच्यावर विटेचे तुकडे आणि फळकुटं.

लोकांना वाटतं टेकू जाडा असला की झालं. उभ्या काठीचं गणित तसं नसतं. काठी दबून चिरडत नाही, ती वाकून जाते, आणि मधे बांधलेलं नसेल तर लांबी दुप्पट झाली की तिची ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणजे फ्लॅटच्या साध्या तीन मीटरच्या मजल्यावर जी बल्ली निमूटपणे भार घेते तीच सहा मीटरला मधे न बांधता उभी केली तर चार आण्याचीच राहते. ठेकेदाराने ए टॉवरचे सगळे स्लॅब याच बल्ल्यांवर काढले होते, कधी काही झालं नाही, त्यामुळे त्याला वाटलं इथेपण चालेल. यात बदमाशी किती आणि सवय किती हे मला अजून सांगता येत नाही.

मग वरून काँक्रीटचा पंप. दीडशे एमएमच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास येतं, पण पंपाचा पाइप एका जागी धरून ठेवला आणि फूट-दोन फूट ढीग झाला तर त्याच चौरस मीटरवर दीड टन. पोरं ढीग पसरवायला धावतात, म्हणजे माणसांचं वजनही तिथेच. संध्याकाळ झालेली, काम उरकायचं होतं, धनतेरसला सॅम्पल फ्लॅट उघडायचा होता आणि त्याआधी फोयर दिसायला हवं होतं. एक बल्ली गेली की तिचा भार शेजारच्यांवर, त्या आधीच काठावर, पुढचं काही सेकंदांत.

आता ग्रुपवर कुणीच न विचारलेला प्रश्न. हे सेंटरिंग चेक कुणी केलं?

आमच्याकडे पद्धत अशी आहे की स्लॅब भरायच्या आधी स्ट्रक्चर इंजिनिअरच्या ऑफिसातून माणूस येतो, सळया मोजतो, कव्हर म्हणजे सळईबाहेर काँक्रीट किती राहणार ते बघतो, फोटो काढतो, भरा म्हणतो. तो वर बघतो. खाली वाकून टेकू बघत नाही, कारण सेंटरिंग हे ठेकेदाराचं, चौरस फुटाच्या रेटवर दिलेलं काम, त्याचं ड्रॉइंग नसतं, डिझाइन नसतं, ते मिस्त्रीच्या नजरेवर. तात्पुरत्या आधाराच्या कामासाठी आयएस १४६८७ म्हणून आख्खं वेगळं कोड १९९९ पासून आहे, आणि मी या लाइनमध्ये आहे तेव्हापासून एखाद्या मध्यम साइटवर ते उघडलेलं पाहिलं नाही. चांगल्या साइटवर निदान पोर कार्ड असतं, म्हणजे भरण्याआधीचा एक कागद, त्यात सळई, सेंटरिंग, लाइट-पाण्याचे पाइप, प्रत्येकाच्या पुढे सही, सगळ्या सह्या असल्याशिवाय पंप चालू करायचा नाही. फोयरच्या त्या दिवसाचं पोर कार्ड मागितलं तर मिळालं नाही. साइट इंजिनिअर म्हणून एक नुकता डिप्लोमा झालेला मुलगा दोन्ही टॉवर बघत होता. कागदोपत्री क्लार्क ऑफ वर्क्स म्हणून ज्याची सही रजाचिठ्ठीच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या, फाइलमध्ये आहे, त्या गृहस्थाला साइटवर कुणी बघितल्याचं आठवत नाही, वॉचमनलाही नाही.

इथे मला पहिल्यांदा ए टॉवरची काळजी वाटली. सेंटरिंग पडल्यामुळे ए टॉवरचे कॉलम कमजोर होत नाहीत, काही संबंध नाही, फोयर आणि टॉवरच्या मधे जॉइंट आहे, म्हणजे फट सोडलेली आहे. पण जो कागद त्या गेलेल्या मजुराला वाचवू शकला असता तोच कागद ए टॉवर भरताना होता का, आणि त्यावर सही करणारा माणूस खरंच तिथे उभा होता का, हे बघायलाच हवं होतं. मजुराची सेफ्टी आणि फ्लॅटची सेफ्टी लोक वेगवेगळ्या खात्यात टाकतात, साइटवर रजिस्टर एकच असतं.

कागद मागितले तेव्हा

मागायचे कसे यावरच ग्रुपमध्ये आठवडा गेला. काहींना वाटत होतं बिल्डर चिडेल. मी सांगितलं की रेराच्या, म्हणजे बिल्डरवर नियमन ठेवणाऱ्या, कायद्यात, २०१६ च्या, कलम १९ आहे, मंजूर प्लॅन, स्पेसिफिकेशन, कामाचं टप्प्यांचं वेळापत्रक ही माहिती बुकिंगवाल्याचा हक्क आहे, मेहरबानी नाही. क्यूब रजिस्टर कायद्यात शब्दशः लिहिलेलं नाहीये, ते जरा आग्रहाने मागावं लागतं. लेखी अर्ज केला, सह्या घेतल्या. सह्या घेताना एक गंमत कळली, गंमत कसली, की बरेच लोक तोंडाने फार बोलत होते पण सही करायला मागे, आणि कारण कुणी बोलायचं नाही. कारण असं की त्यांनी चेकशिवाय वरचे पैसे दिले होते आणि ज्याच्या पावत्याच नाहीत त्याला भांडायचं कुठल्या तोंडाने. मामांनीपण थोडे दिले होते. मी काही बोललो नाही, मामीच बोलल्या.

बिल्डरने प्लॅन दिला, सॉइल रिपोर्ट दिला, स्ट्रक्चरची ड्रॉइंग ऑफिसात बसून बघा म्हणाला, आणि क्यूबच्या रिपोर्टची एक जाडी फाइल दिली, फार व्यवस्थित लावलेली. आमच्या लॅबचे नव्हते ते रिपोर्ट, दुसरीकडचे. मी घरी आणून बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काँक्रीट भरताना त्यातलंच थोडं दीडशे एमएमच्या साच्यात भरतात, पाण्यात ठेवतात, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडतात. एम २५ म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी २५ न्यूटन पर चौरस एमएम. आता माल तोच असला तरी क्यूब सारखे फुटत नाहीत. एक २७ ला जातो, एक ३४ ला, कधी एखादा २४ ला जाऊन तोंड वाकडं करतो. कोडमध्ये, आयएस ४५६ मध्ये, एम २५ साठी ४ चं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांतली चढउतार, धरायला सांगितलंय ते याच कारणाने, आणि म्हणून मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचं प्रमाण ठरवणं, करताना २५ चं नाही तर ३१.६ चं टार्गेट धरतात. या फाइलमध्ये काय होतं, तर तळमजल्यापासून टेरेसपर्यंत सगळे रिझल्ट ३१ आणि ३२.५ च्या मधे. एकही इकडेतिकडे नाही. माझ्यासारख्याला हे बघून बरं वाटत नाही, घाम येतो. क्यूब फोडून असे आकडे येत नाहीत, टेबलवर बसून येतात.

पण नुसतं संशयावर काय बोलणार. मग तारखा बघायला लागलो, आणि दुसऱ्या मजल्याच्या कॉलमच्या एका बॅचवर थांबलो. भरल्याची तारीख १७ डिसेंबर २०२२, टेस्टची तारीख १४ जानेवारी २०२३. हिशोब बरोबर, अठ्ठावीस दिवस. फक्त १४ जानेवारी म्हणजे उत्तरायण. बडोद्यात उत्तरायणला कुठली लॅब उघडी असते हो? ऑपरेटर गच्चीवर, मालक गच्चीवर, उंधियू आणि पतंग, सगळं शहर वर बघत असतं आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून तेही गेलं. खऱ्या लॅबच्या रजिस्टरला अशा क्यूबपुढे १६ तारीख असते आणि ३० दिवस लिहिलेलं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अठ्ठावीस मिळवून तारीख भरणाऱ्याला कॅलेंडर बघायचं सुचलं नाही.

बिल्डरच्या माणसाचं म्हणणं क्लार्कने तारीख चुकीची टाइप केली. असूही शकेल. म्हणून मग दुसरा कागद मागितला, आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, गाड्यांच्या बॅच स्लिप. प्रत्येक गाडीबरोबर एक स्लिप येते, किती सिमेंट, किती पाणी, किती वाजता निघाली. त्या जवळजवळ सगळ्या होत्या, बिलं द्यायची असतात म्हणून ठेवतात. फक्त १७ डिसेंबरच्या आसपासच्या दिवसांच्या नव्हत्या. विचारत विचारत साइटवरच्या जुन्या मुकादमाकडून कळलं की त्या दिवसांत गाडी मिळत नव्हती, कॉलमला माल लागतो तरी किती, म्हणून साइटवरच मिक्सर लावून भरले. साइटवर मिक्सर लावणं गुन्हा नाही, नीट मापाने केलं तर उत्तम होतं. पण मग त्या कॉलमचे क्यूब आरएमसीच्या नावाने कसे निघाले?

हातोडा, आवाज आणि कोर

इथून पुढे कागदावर भांडण्यात अर्थ नव्हता, बिल्डिंगलाच विचारायचं. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलेले एक जुने स्ट्रक्चर इंजिनिअर ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीचे निघाले, त्यांनी बिल्डरशी शांतपणे बोलून टेस्टिंग मान्य करून घेतलं, खर्च बिल्डरचा, लॅब खरेदीदार सांगतील ती, फक्त माझी नको असं मीच म्हटलं, नाहीतर उद्या म्हणाले असते भाच्याने रिपोर्ट काढला.

आधी रिबाउंड हॅमर. हा लोकांना फार आवडतो कारण बघता येतो, टक टक मारलं की आकडा येतो, आणि ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं हॅमर टेस्ट पास. तो फक्त वरच्या पापुद्र्याचा कठीणपणा सांगतो, आकडा पंचवीस टक्के इकडेतिकडे असू शकतो असं कोडच म्हणतं. कमजोर जागा शोधायला ठीक, निकाल द्यायला नाही. मग अल्ट्रासॉनिक, कॉलमच्या एका बाजूने आवाजाची लहर सोडून दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचते ते मोजायचं. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर चांगलं समजतात, जितकं खाली जाईल तितका संशय. तळमजला आणि पहिला मजला चांगला आला, खरंच चांगला, ते मुद्दाम सांगतो. वरचे मजलेही ठीक. दुसऱ्या मजल्यावर काही कॉलममध्ये लहर रेंगाळत होती, आणि ते कॉलम कुठले हे मी आता वेगळं लिहायला नको.

त्या कॉलममधून कोर काढले. कोर म्हणजे ड्रिलने काढलेला काँक्रीटचा दंडगोल, तो फोडायचा, यात पळवाट नाही. हिशोब असा की किमान तीन कोर हवेत, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम २५ ला म्हणजे सरासरी २१.२५ आणि कमीत कमी १८.७५. सरासरी भरली नाही, एक कोर १८.७५ च्या खाली गेला.

मामांना सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "माझा चौथा म्हणजे त्याच्या वरच की." हो, वरच. बडोदा भूकंपाच्या झोन तीनमध्ये आहे, २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपात मामा वाड्याच्या अंगणात धावत आले होते आणि अहमदाबादच्या त्या पडलेल्या अपार्टमेंटच्या बातम्या त्यांनी नंतर कितीतरी दिवस वाचल्या होत्या, त्यामुळे कॉलम म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागलं नाही. मात्र हेही खरं की कोर कमी आला म्हणजे बिल्डिंग उद्या पडणार असं नसतं. डिझाइनमध्ये सूट धरलेली असते, आणि स्ट्रक्चर इंजिनिअरने खरी ताकद धरून परत गणित केलं तेव्हा त्यातले काही कॉलम तसेच चालत होते, बाकीच्यांना जॅकेटिंग सांगितलं, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवीन सळया बांधून काँक्रीटचा थर. ते काम नीट केलं तर कॉलम मूळच्यापेक्षा दणकट होतो. नीट केलं तर.

एक गोष्ट या सगळ्यात मला खटकत राहिली. फोयर पडलं नसतं तर ती फाइल कुणी उघडलीच नसती. दुसऱ्या मजल्यावर पीओपी झालं असतं, रंग लागला असता, वास्तुशांत झाली असती.

त्या पोराचं काय झालं

एफआयआर ठेकेदार आणि त्या साइट इंजिनिअर मुलावर झाली, आयपीसी ३०४ अ, म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू, तेव्हा अजून जुनाच कायदा होता. बिल्डरचं नाव नाही. काम काही दिवस बंद, भायली २०२० मध्ये कॉर्पोरेशनच्या हद्दीत आल्यामुळे नोटीस कॉर्पोरेशनची, शिवाय इंडस्ट्रियल सेफ्टीच्या ऑफिसची चौकशी.

ठेकेदाराने गावी जाऊन घरच्यांच्या हातात काही रोख ठेवली आणि कागदावर अंगठा घेतला, आता काही मागणं नाही म्हणून. हे आमच्याकडे इतकं चालतं की लोकांना हाच कायदा वाटतो. १९२३ चा जो कामगार भरपाईचा कायदा तेव्हा लागू होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा सोशल सिक्युरिटी कोड आला) त्यात मृत्यूच्या केसमध्ये भरपाई हातात देताच यायची नाही, कमिशनरकडे जमा करावी लागायची, हातात दिलेलं फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढं आगाऊ म्हणून धरायचे, बाकी दिलं तरी कायद्याने दिलं असं व्हायचं नाही. आणि आकडा ठरलेला होता, भाव करायचा नसायचा. पगार कितीही असला तरी तेव्हा महिना १५,००० पर्यंतच धरायचे, त्याचा निम्मा म्हणजे ७,५००, गुणिले वयाचा फॅक्टर, पंचविसाव्या वर्षाला २१६.९१. होतात १६,२६,८२५ रुपये. महिन्याभरात भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. ठेकेदाराकडे नसतील तर ज्याचं काम चाललं होतं त्याच्याकडून, म्हणजे बिल्डरकडून घ्यायचे, त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावेत. ठेकेदाराने हातात ठेवलेले याच्या जवळपासही नव्हते.

हे ग्रुपवर मी लिहिलं तेव्हा एक जण म्हणाला हा आपला विषय नाही, याचे पैसे शेवटी आपल्याच फ्लॅटमध्ये चढवतील. मामांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर लेबर कोर्टाचं काम करणाऱ्या एका वकिलाशी दाहोदच्या त्या कुटुंबाची गाठ घालून दिली ती ग्रुपमधल्याच एका बाईंनी. त्या बाईंचा फ्लॅट बी टॉवरमध्ये आहे, त्यांचं स्वतःचं काहीच अडलं नव्हतं. नंतर कळलं की पोराकडे बांधकाम कामगाराचं कार्डही नव्हतं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का सेस कामगारांच्या नावाने भरला जातो, तो या स्कीमचाही भरलेला होता, पावती त्या जाड्या फाइलमध्ये लावलेली होती. क्लेम दाखल झाला. बिल्डरच्या वकिलाचं पहिलं म्हणणं होतं की तो आमचा माणूसच नाही.

पैसे काढायचे की राहायचं

आता मामांच्या पहिल्या प्रश्नावर येतो. रेराचं कलम १८ बिल्डरने ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर व्याजासकट पैसे परत देतं, पण मला भीती वाटते म्हणून काढतो याला ते लागू होत नाही. ताब्याची तारीख अजून दूर होती. बुकिंग रद्द केलं असतं तर कापून किती मिळाले असते ते त्या फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरात होतं आणि वरचे पैसे तर गेल्यातच जमा. ज्यांचं बँक लोन चालू होतं त्यांची आणखी पंचाईत, हप्ता थांबवला तर बिल्डरच व्याज मागणार.

मामांच्या हातात एक चांगलं पान होतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चेकने किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिले होते आणि बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झालंच नव्हतं, "दिवाळी पछी करी लईशुं", दिवाळीनंतर करून घेऊ, म्हणून वर्ष गेलं. कलम १३ म्हणतं बानाखत रजिस्टर केल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर घ्यायचेच नाहीत. म्हणजे चूक बिल्डरची आणि मामांची अजून सही व्हायची, अटी घालायला याहून चांगली वेळ नसते. ज्यांची बानाखतं आधीच झाली होती त्यांना हे जमलं नाही.

मामांनी घातलेल्या अटी साध्या होत्या. जॅकेटिंगचं ड्रॉइंग, कोरचा रिपोर्ट आणि काम झाल्यावर स्ट्रक्चर इंजिनिअरचं सर्टिफिकेट बानाखताला जोडायचं, पुढचा हप्ता ते सर्टिफिकेट आल्यावर, आणि ताबा बीयू परमिशन, म्हणजे बिल्डिंग वापरायची परवानगी, आल्यावरच, आधी फर्निचर करायला चावी वगैरे नको. बिल्डरच्या सीएने एक ओळ घुसवायला बघितली, की दुरुस्ती झाल्यामुळे त्या भागाची पुढची जबाबदारी राहणार नाही. ती काढायला लावली. कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरचा दोष निघाला तर तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो, आणि हे सही करून सोडता येत नाही असं वकिलांनीही सांगितलं. तरी नंतर मेंटेनन्स डिपॉझिटच्या यादीत "स्ट्रक्चर अपग्रेडेशन" म्हणून एक रक्कम आलीच. मामा ती यादी घेऊन ऑफिसात गेले आणि म्हणाले, तुम्ही मला कमजोर कॉलम कमी भावात दिला होता का, मग दणकट केल्याचे जास्त कसले? ती ओळ गेली, निदान मामांच्या यादीतून.

फोयर परत भरलं ते लोखंडी कपलॉकवर, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पाइपांच्या टेकूंवर, खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, करून, दुसऱ्या ठेकेदाराने, पोर कार्डवर चार सह्या घेऊन. मी बघायला गेलो होतो, चांगलं काम होतं, बोट दाखवायला जागा नव्हती.

घोडं अडलंय दुसऱ्या मजल्यावर. जॅकेटिंगमुळे तिथल्या दोन फ्लॅटच्या हॉलमध्ये कॉलम आत आलेत, सोफा ठरवला होता तो बसत नाही, कार्पेट एरिया कमी झाला. वरच्या सगळ्या मजल्यांची सेफ्टी झाली आणि किंमत यांच्या हॉलने भरली असं त्यांचं म्हणणं आणि ते चूक नाहीये. एकाने पैसे कापून घेऊन मिटवलं. दुसरे जोशीबुवा नाहीत ऐकायला तयार (जोशी नाहीत ते, आम्ही आपलं म्हणतो), त्यांना बी टॉवरमध्ये तेवढाच फ्लॅट हवाय, बिल्डर सहाव्या मजल्यावरचा द्यायला तयार आहे पण फ्लोअर राइझचे, म्हणजे वरचा मजला म्हणून जादा, पैसे मागतोय, आणि आता ते प्रकरण गुजरात रेराकडे गेलंय.